चाप, घोडा, बार आणि ‘बाळगणे’

प्रश्न

बंदुकांच्या इतिहासावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे. ट्रिगरला चाप म्हणायचे, घोडा की खटका? तिन्ही छापलेले सापडतात. दुसरे, अमेरिकी राज्यघटनेतल्या ‘बेअर आर्म्स’साठी ‘शस्त्र बाळगणे’ पुरते का?

उत्तर

बोटाने ओढायचा तो चाप. मागे ताणून ठेवलेला आणि चाप ओढताच पुढे आपटणारा तो घोडा. (इंग्रज आणि जर्मन लोकांना त्याच भागात कोंबडा दिसला.) घोळ होतो तो हिंदीमुळे, कारण तिथे घोडाच दाबतात. त्यात गुन्हेगारांच्या बोलीत अख्खे पिस्तूलच घोडा झाले. ‘त्याने घोडा दाबला’ हे बातमीत खपून जाईल, पण बंदुकांचा शौक असलेला वाचक तिथे ठेचकाळणार. खटका चुकीचा नाही, पण दिव्याच्या बटणापासून उंदराच्या सापळ्यापर्यंत सगळ्यालाच खटका म्हणतात. मी चाप ठेवीन.

लेख जुन्या हत्यारांवर असेल तर आणखी एक सांगतो. आपले बंदुकीचे अस्सल शब्द बहुतेक ठासणीच्या काळातले आहेत. तोड्याची बंदूक भरायची कशी? नळीच्या तोंडातून मोजकी दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. नळीच्या बुडाशी बाजूला एक भोक असते, त्याला लागून छोटी वाटी. त्या वाटीत रंजक, म्हणजे चटकन पेट घेणारी बारीक दारू. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यातून काढून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी. चाप ओढला की चिमट्यात धरलेला तोडा वाटीत टेकतो आणि भोकातून आग आत जाते. नळीत ठासलेली ही एका वेळची भरती म्हणजे बार. दारू दमट निघाली की नुसते भुस्स होते, तो फुसका बार. आता लग्नाचा बार उडवणारे आणि तळहातावर तंबाखू मळून बार भरणारे, दोघांनाही बंदूक कुठे आठवते!

प्रतिसाद

याच यादीत ‘चाप बसणे’ आणि ‘ठासून सांगणे’ घालता येतील ना? शिवाय चकमक. आणि दारूचे दोन अर्थ कसे झाले, हेही कुणी सांगा.

उत्तर

पहिली दोन मी घालणार नाही. कागदाला चाप लावतात, केसांना लावतात. दाबून धरणारे ते चाप. खर्चाला चाप बसतो तो याच अर्थाने, त्यात गोळी सुटत नाही, उलट काहीतरी अडते. ठासणेही नुसते दाबून भरणे आहे, पोत्यात कापूससुद्धा ठासतात. वाक्प्रचार खमंग दिसला की त्याला युद्धकथा चिकटवायची आपल्याला फार हौस!

चकमक मात्र खरी. शब्द तुर्की आहे. आजही तुर्कस्तानात सिगारेट पेटवायच्या लायटरला चकमकच म्हणतात. गार, म्हणजे गारगोटी, पोलादावर आपटून ठिणगी पाडायची, हे तिचे काम. तोड्यानंतरच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात हीच गार बसवली, त्यामुळे पावसात धुमसती दोरी सांभाळायची कटकट गेली. वर्तमानपत्रात पोलिसांची गुंडांशी ‘चकमक’ उडते तेव्हा हातात असते नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आणि शब्द मात्र गारगोटीचा.

दारू फारसी, मूळ अर्थ औषध. चिनी भाषेतही स्फोटक दारूचे नाव ‘अग्नि-औषध’ असेच पडते. तोफ आणि तमंचा तुर्कीकडून, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांकडून. फैर म्हणजे चक्क इंग्रजी ‘फायर’. आणि बंदूक? अरबी ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट हे कवचाचे फळ. त्यावरून गोळी आणि गोळीवरून गोळी मारायचे साधन.

प्रतिसाद

‘बाळगणे’ राहिलेच. माझ्या मते तोच खरा अवघड प्रश्न आहे. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत ‘कीप’ आणि ‘बेअर’ अशी दोन क्रियापदे आहेत. 2008 साली हेलर खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात यावर अक्षरशः शब्दचर्चा झाली. न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले, ‘बेअर’ म्हणजे अंगावर, जवळ वागवणे. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स म्हणाले, ‘बेअर आर्म्स’ हा अखंड वाक्प्रचार आहे आणि त्याचा रोख सैनिकी सेवेवर आहे. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा ठरला.

आपले ‘बाळगणे’ ही दोन्ही क्रियापदे गिळून टाकते. कपाटात ठेवले तरी बाळगले, कमरेला लावले तरी बाळगले. (भीती, वैर आणि महत्त्वाकांक्षाही आपण बाळगतोच.) तेव्हा ‘शस्त्रे ठेवण्याचा आणि जवळ बाळगण्याचा हक्क’ असे फोडून लिहा. ‘शस्त्र उचलणे’ नको, त्यात बंडाचा वास येतो. स्टीव्हन्स यांची बाजू सांगताना मात्र ‘शस्त्र धारण करणे’ बरे. त्या धारण करण्यात थोडा गणवेश दिसतो.

जाता जाता, 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनेही शस्त्रे ठेवण्याचा हक्क मागितला होता, नियमांच्या अधीन राहून. राज्यघटनेत तो आला नाही. उलट कलम 19 मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे ते शांततेने आणि शस्त्राविना. त्यामुळे भारताबद्दल लिहिताना ‘हक्क’ नको, ‘परवाना’ लिहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

प्रश्न

फोडून लिहिते. शेवटचे एक: ‘ट्वेल्व्ह बोअर’चे बारा म्हणजे बारा मिलिमीटर का? आणि पिस्तुलात गोळ्या भरून बसवायच्या पेटीला, म्हणजे मॅगझीनला, काय लिहू?

उत्तर

मिलिमीटर मुळीच नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तो त्या नळीचा. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. बारा बोअरच लिहा, आणि दोन नळ्यांची असेल तर सरळ दुनळी.

मॅगझीन मॅगझीनच ठेवा. मूळ अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार. दारूकोठारालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, तेव्हा लेखात किल्ला आला तर तिथे पिस्तुलाचे मॅगझीन घुसणार नाही एवढे बघा.