नातवंडासोबत मोटरहोमने जायचंय: ग्रुपवरची चर्चा

ए-५०४: नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांची नात, आठवडाभर मोटरहोम (झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन फिरायचा विचार आहे. गाडी ‘सहा जणांची’ आहे म्हणतात. आणखी काय पाहायचं?

सी-२०१: काका, सहा जणांची म्हणजे सहा जण झोपतील इतकीच. चालत्या गाडीत बसायच्या, बेल्टवाल्या जागा किती ते वेगळं विचारा. त्यातही चाइल्ड सीट कुठे बसते ते बुकिंगआधी लेखी घ्या. आडव्या बाकावर, म्हणजे तोंड खिडकीकडे असतं त्या जागेवर, चाइल्ड सीट लावायचीच नाही. मागे तोंड असलेल्या बाकावरही नाही. पुढे तोंड, तीन टोकांचा बेल्ट, आणि तो बेल्ट गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेला हवा. बऱ्याच जेवणाच्या बाकांखाली नुसता प्लायवूडचा खोका असतो. पट्टा दिसतो, पण जोराच्या धडकेत तो खोका टिकेलच असं नाही.

बी-३०३: आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्या धातूच्या कड्यांना थेट अडकवायची चाइल्ड सीट असेल तर आणखी एक. तिचा आधाराचा पाय जमिनीवर टेकतो. मोटरहोमच्या जमिनीत सामानाचा पोकळ कप्पा असतो. पाय त्याच्या झाकणावर आला तर धडकेत झाकण खचतं आणि सीट पुढे झुकते. त्यामुळे गाडी ताब्यात घेतानाच सीट बसवून बघा. बेल्ट जातो तिथे धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल तर ढिला आहे. जाड जाकीट काढूनच पट्टा लावा. समोर टेबल असेल तर चालवताना काढून ठेवा.

ए-५०४: आणि वरचा बेड तिला हवाय 😄

सी-२०१: ड्रायव्हरच्या डोक्यावरचा? सहा वर्षांखाली नको, जाळी असली तरी. खालचं टेबल पाडून होतो तो बेड द्या. आणि गाडी चालू असताना कुणीही बेडवर नाही.

डी-१०२ (डॉक्टर): काका-काकू, तुमच्या गोळ्यांचं काय? आठवड्याचा डबा लहान मूल सहज उघडतं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीवर उतरवू शकते, आणि परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय. डबा वरच्या कपाटात कुलूपबंद ठेवा. काकूंची पर्सही! नातीचं वजन कागदावर लिहून ठेवा, तापाच्या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. आईवडिलांची सही असलेलं, उपचाराला संमती देणारं पत्र सोबत हवं.

ए-५०४: डॉक्टर, गाडी लागते तिला.

डी-१०२ (डॉक्टर): मग सीट अगदी मागे नको, ड्रायव्हरच्या मागची पहिली रांग. समोरचा रस्ता दिसला पाहिजे. मोबाइल, चित्रांचं पुस्तक बंद. दर दोन तासांनी खाली उतरवा.

बी-३०३: आता संडासाकडे वळू, लोक नेमके तिथेच फसतात. टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामी नळी जोडलेली असली तरी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी साचून कडक होतो. सुरुवातीला टाकीत आठ-दहा लिटर पाणी आणि रसायन टाका, दोन-तृतीयांश भरल्यावर रिकामी करा. आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची (बेसिन-अंघोळीच्या), म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. ओले वाइप्स अजिबात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. पोरं गुपचूप टाकतात, म्हणून झाकणाचा डबा शेजारीच ठेवा. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या कप्प्यात.

ए-५०४: आणि छोटी टाकी, ओढून काढायची असेल तर?

बी-३०३: कॅसेट म्हणतात तिला. साधारण वीस लिटरची असते, तिघांना दोनेक दिवस पुरते. तिच्यात पाणी कमी घाला, रसायनाच्या बाटलीवर असेल तेवढंच.

ई-४०४: वीज: बाहेरचं कनेक्शन दहा अँपिअर असेल तर २३० व्होल्टला २३०० वॅट. दोन हजाराची किटली चालू असताना हीटर लावला की एमसीबी पडणार. गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, झोपता तिथे. दोन्हींचं बटण दाबून आवाज ऐका, तारीख बघा. गाडी चालवताना सिलिंडर बंद, आणि ऊब आणायला शेगडी पेटवायची नाही.

सी-२०१: गाडीची उंची कागदावर लिहून काचेपाशी चिकटवा, साध्या मोबाइल नकाशाला कमी उंचीचे पूल कळत नाहीत. टायरवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर गाडी बदलून मागा. वळताना शेपूट उलट्या बाजूला झुलतं, रिव्हर्सला काकू खाली, नात आत सीटवर पट्ट्यात.

ए-५०४: बेल्टवाल्या जागांचं आत्ताच विचारलं. चार आहेत म्हणे, त्यातल्या दोन आडव्या.

सी-२०१: मग उरलेल्या दोन ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या असणार. ही गाडी सोडा, दुसरी बघा.