बॅफल: झडप, पडदी की आडफळी?

लाकडावर चालणारी बंद शेगडी घेतली आहे, बिडाची, वापरलेली. आत वरच्या अंगाला, धुराच्या नळीच्या तोंडाखाली दोन्ही बाजूंना खाचा आहेत, पण त्यांवर काहीच ठेवलेलं नाही. माहितीपत्रकात तिथे 'बॅफल' दाखवलंय. कोशात पाहिलं तर अर्थ 'गोंधळात टाकणे, चकवणे'! लोहाराला नक्की काय बनवायला सांगू? झडप म्हटलं तर चालेल?

— झडप अजिबात नको. झडप उघडते-मिटते. नळीतली हवेची ओढ कमी-जास्त करायला जी असते ती झडप, म्हणजे डँपर. बॅफल आपल्या जागी पडून राहतं. झडप मागितलीत तर लोहार बिजागरी लावून देईल. मी 'पडदी' म्हणेन. टँकरमध्ये पाणी हिंदकळू नये म्हणून आत पत्रे असतात, त्यांनाही बॅफलच म्हणतात. काम तेच, अडवायचं.

— पडदी उभी असते हो, हे आडवं असतं. म्हणून 'आडफळी'. आणि 'अडवणं' हा अर्थही अपुराच आहे. धूर खरोखर अडवला तर तो खोलीत येईल. इथे वाट लांबवायची आहे. ज्वाळा फळीखालून पुढे येते, पुढच्या कडेवरून मागे वळते आणि मग नळीत शिरते. या वळशात उष्णता कोंडून राहते आणि न जळलेले वायूही पेट घेतात. त्याला साधारण 600 अंश सेल्सियस तापमान लागतं. फळी नसेल तर ज्वाळा थेट नळीत जाते, खोलीऐवजी धुराडं तापतं आणि आत साठलेली डांबरट काजळी पेटू शकते. तेव्हा फळी बसेपर्यंत शेगडी पेटवू नका.

— म्हणजे कोशकार बरोबरच की! चकवा लागलेल्या माणसासारखा धूर आतल्या आत फिरतो. (लोहाराला मात्र 'चकवा' सांगू नका.)

— शब्द ठरेल, आधी मापं बघा. उत्पादकाचं माप मिळालं तर तेच घ्या. नाहीतर एक ढोबळ हिशेब: फळीवरून धूर जायची फट नळीच्या छेदापेक्षा लहान नको. 150 मिमी व्यासाच्या नळीचा छेद सुमारे 177 चौ. सेंमी. फळी 40 सेंमी रुंद असेल तर फट किमान साडेचार सेंमी हवी. पोलाद 6 मिमी जाडीचं घ्या, पातळ पत्रा वाकतो. 40 सेंमीची पट्टी 500 अंशांनी तापली की जवळपास अडीच मिमी वाढते, म्हणून बाजूंना थोडी सैल ठेवा आणि वेल्डिंग करून टाकू नका. फळीवर काजळी साचते, ती काढायला फळी सुटी हवी. जस्त चढवलेला पत्रा चालणार नाही, तापला की विषारी धूर देतो. खाचेत जुना राखाडी, तंतुमय तुकडा अडकला असेल तर खरवडू नका, ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असं तंतुमय खनिज) असू शकतं.

— पोलादच हवं असंही नाही, काही शेगड्यांत व्हर्मिक्युलाइटची (उष्णतारोधक, हलक्या खनिजाची) फळी असते. उष्णता छान धरते, पण लाकूड आपटलं की तडकते. तिला 'पत्रा' म्हणता येणार नाही, म्हणून माझंही मत 'आडफळी'लाच.

— आडफळी तर आडफळी. खाचा तिरक्या आहेत, मग उंच कड कुठल्या बाजूला?

— बहुतेक शेगड्यांत पुढे, दाराच्या बाजूला. तुमच्या खाचांचा उतारच ते सांगेल.