मदत हवी आहे : शिबिराच्या अनुदानासाठी बायकांची नावं आणि आजार एकाच तक्त्यात द्यायचे का? (इंदूर)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब झालाय, पण कृपया पूर्ण वाचून मगच सुचवा.

मी इंदूरला राहते. आमच्या वसाहतीत पन्नाशीपुढच्या बायकांचं मंडळ आहे, मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली रीतसर पंजीयन केलेलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात आम्ही रक्तदाब आणि शुगर तपासतो. एक निवृत्त नर्सताई आहेत, त्या बघतात. मी वही लिहिते. पट्ट्या, सुया, कापूस हे सगळं आजवर वर्गणीतून झालं. यंदा एका स्थानिक कार्यालयाकडून सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी अनुदान मिळण्याची शक्यता आहे. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या कुणाशी माझं वैर नाही. रक्कम लहान आहे, पण वर्षभराच्या पट्ट्या त्यात निघतील.

अडचण फॉर्मच्या चौथ्या पानावर आहे. ‘लाभार्थी सूची’. रकाने असे: नाव, पती किंवा वडिलांचं नाव, वय, पत्ता, मोबाईल, आधार क्रमांक, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक), आजार, चालू औषधं, सही. हे सगळं एक्सेलमध्ये मेलवर पाठवायचं, प्रिंट वेगळी, आणि सोबत शिबिराचे जिओ-टॅग फोटो.

माझा हात तिथेच थांबला, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी वर्गणीदारांना हजेरी दाखवायची म्हणून आमच्याच एका मुलीनं वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो मंडळाच्या ग्रुपऐवजी मोहल्ल्याच्या ग्रुपवर गेला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय. त्या अंगठ्याखाली सतराव्या ओळीतला मोबाईल नंबर अर्धा झाकला गेला, पण अठरावी ओळ स्वच्छ वाचता येते: नाव, वय ६३, बीपी १४८/९२, आणि पुढे माझ्याच अक्षरात त्या काकूंच्या मनाच्या आजारावरच्या गोळीचं नाव. दहा मिनिटांत फोटो काढून टाकला. तेवढ्यात ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं होतं. काकू त्यानंतर एकदाही तपासायला आल्या नाहीत. त्यांच्या जिन्याखालून जाताना मला अजून वर बघवत नाही.

त्याच आठवड्यात पाच-सहा जणींना ‘शुगर मुळापासून घालवतो’ असे फोनही आले. फोटोमुळेच आले असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तोवर असे फोन कुणाला येत नव्हते.

तर मला विचारायचंय ते हे. अनुदान देणाऱ्याला एवढी माहिती मागायचा हक्क आहे का? ‘आजार’ आणि ‘औषधं’ हे रकाने कोरे ठेवले तर अर्ज बाद होईल का? आणि बायकांची संमती घ्यायची तर ती कशी घ्यायची? निम्म्या जणींना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि मी पुढे केलेल्या कागदावर त्या न वाचता सही करतील. माझ्यावरच्या विश्वासापोटी. मला तसली सही नको आहे.

— पट्टीवाली ताई

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ताई, माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. हे रकाने कुणी वाईट हेतूनं छापत नाही. बहुतेक वेळा व्यक्तीला थेट पैसे देणाऱ्या योजनेचा फॉर्म पुढे ओढून, वरचं शीर्षक बदलून, तोच संस्थांना दिला जातो. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली. ती त्याच्या खात्यात जायची, म्हणून तिथे माणूस कोण, खातं कुठलं, हे लागतंच. तुमच्याकडे तसं नाही. अनुदान मंडळाला आहे, काकूंच्या खात्यात एक रुपयाही जाणार नाही.

ऑडिटवाला काय बघतो? पट्ट्यांचं पक्कं बिल, साठ्याची नोंद (किती डबे आले, किती पट्ट्या वापरल्या, किती वाया गेल्या), शिबिर झाल्याचा पुरावा आणि वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्चले याचा दाखला). १०० पट्ट्या खर्ची दाखवल्या आणि हजेरी ४० ची असेल तर तो आक्षेप काढेल. कोणाची शुगर २१० होती याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं.

तेव्हा रकाने नुसते कोरे सोडू नका. कोरा रकाना म्हणजे बाबूच्या भाषेत ‘अपूर्ण अर्ज’. त्या जागी ‘सोबतचे पत्र पाहावे’ लिहा आणि एक पानी पत्र जोडा: आम्ही एकत्रित आकडे देत आहोत, मूळ नोंदी मंडळाकडे आहेत, ही माहिती हवीच असेल तर ती कशासाठी, कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे लेखी कळवावे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय घरी येऊ नका.

एक वाचक

एवढं काय त्यात? सगळ्यांचे नंबर, आधार सगळीकडे पोचलेलेच आहेत. देऊन टाका आणि मोकळ्या व्हा. पट्ट्या मिळणं महत्त्वाचं.

पट्टीवाली ताई

दादा, नंबर सगळीकडे असतील. त्या गोळीचं नाव कुठेच नव्हतं. ते काकूंनी फक्त मला सांगितलं होतं, तेही बाकीच्या बायका चहाला गेल्यावर. ते बाहेर गेलं आणि त्यांनी तपासणं सोडलं. मग पट्ट्या मिळून कुणासाठी मिळाल्या?

कोर्टाच्या पायरीवरून

ताई, कायद्याचं जेवढं खात्रीनं सांगता येतं तेवढं सांगते.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातली मुख्य बंधनं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. म्हणून आज टेबलावर कलमं आपटून उपयोग नाही, पण पत्रात त्यांचा उल्लेख जरूर करा. सवय आत्तापासून लावायला हवी, त्यांनाही आणि तुम्हालाही.

हो, तुम्हालाही. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो आणि कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तर तिलाही. वही कपाटात आहे तोवर ती कायद्याच्या बाहेर आहे. तिचा मोबाईलवर फोटो काढला, एक्सेल केली, की ती आत आली. तुमच्या मुलीनं ग्रुपवर फोटो टाकला तो नेमका हा उंबरठा होता.

सरकारी यंत्रणेला अनुदान, लाभ, सेवा देण्यासाठी काही परिस्थितीत नव्यानं संमती न घेता माहिती वापरता येते, कलम ७ मध्ये तशी वाट आहे. म्हणून ‘तुम्हाला मागायचा अधिकारच नाही’ असं लिहू नका, लढाई हराल. ‘या कामाला एवढी माहिती लागत नाही’ असं लिहा.

संमतीबद्दल तुमचं म्हणणं मला फार पटलं. कायदा म्हणतो की सूचना साध्या, स्पष्ट भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मिळण्याची सोय हवी. त्या २२ मध्ये मराठी आहे. तेव्हा इंदूरात राहूनही तुमच्या काकूंसाठी मराठीत लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना हिंदी सोयीची त्यांना हिंदीत. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, हेही त्यातच आहे. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईची शुगर तरीही तपासली जाईल, हे वाक्य सगळ्यात आधी घाला.

आधारचं वेगळं. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे लावता किंवा प्रसिद्ध करता येत नाही. कुठे ओळख द्यावीच लागली तर मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. समग्रचा नऊ आकडी आयडी लोक सहज देतात, पण त्यामागे अख्खं कुटुंब जोडलेलं असतं, हे विसरू नका.

त्या गोळीबद्दल: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलाय. ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, तुमच्या मंडळावर थेट येईल असं मी म्हणणार नाही. पण मुळात ‘चालू औषधं’ हा रकाना तुमच्या वहीत का आहे? बीपी-शुगर बघायला तो खरंच लागतो का?

पट्टीवाली ताई

नर्सताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत का एवढं कळलं की पुरे. बाकी मी उत्साहानं लिहीत गेले होते. रकाना काढला.

लेस्टरची आत्या

माझं माहेर इंदूर, रामबागेतलं. इथे आम्ही ज्येष्ठांसाठी खुर्चीवर बसून करायच्या व्यायामाचा वर्ग चालवतो आणि कौन्सिलकडून (म्हणजे इथली नगरपालिका) आरोग्याच्या कामाचं अनुदान दोनदा घेतलंय. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याचं काम कौन्सिलकडे आलं, त्यामुळे असे अर्ज तिथेच जातात.

अर्जाबरोबर त्यांचं एक पान असतं: तुमची कुठली माहिती घेतो, कायद्याच्या कुठल्या आधारावर (बहुधा ‘सार्वजनिक काम’), फसवणूक तपासण्यासाठी कुणाला दाखवू, किती वर्षं ठेवू, आणि तक्रार आधी कुठे, मग माहिती आयुक्तांकडे कशी करायची. आपली माहिती मागितली तर साधारणपणे महिन्याभरात द्यावी लागते. आरोग्याची माहिती इथल्या कायद्यात खास वर्गात मोडते, तिला जास्तीचं कारण दाखवावं लागतं. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यात असा वेगळा कप्पा केलेला नाही, ते मला खटकतं.

पण गंमत ऐक, त्या पानावर लिहिलेली माहिती माझीच असते! अर्ज करणारीचं नाव, फोन, पत्ता, संस्थेचं खातं. वर्गाला येणाऱ्या आजी-आजोबांचं त्यात काही नसतं. त्यांचे फक्त आकडे जातात: किती जण, कुठल्या वयोगटातले, ढोबळ कुठल्या भागातले. अनुदान कुणाला आणि किती दिलं हे कौन्सिल जाहीर करते, तो २०१५ च्या पारदर्शकता संहितेचा भाग आहे. पण जाहीर होतं ते संस्थेचं नाव.

एक गोष्ट मात्र मी ठेच लागल्यावर शिकले. आकडेही माणूस दाखवतात. ‘ऐंशीच्या वरच्या, अमुक गल्लीतल्या, इन्सुलिन घेणाऱ्या: १’ असं लिहिलं की ती कोण हे अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून पाचापेक्षा कमी आकडा आला की आम्ही गट एकत्र करतो किंवा ‘५ पेक्षा कमी’ लिहितो.

कोर्टाच्या पायरीवरून

आत्या, हे आपल्याकडेही जुळतं. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थींचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायचा आहे, आणि ते योग्यच आहे, नाहीतर पैसा कुठे गेला कसं कळणार? फक्त लाभार्थी म्हणून मंडळाचं नाव लागू दे. ताईंनी चौथं पान जसंच्या तसं भरलं तर यादी म्हणून काकूंची नावं भिंतीवर लागायची.

पट्टीवाली ताई

आज जाऊन आले, म्हणून लिहिते.

पत्र हिंदीत केलं. सोबत तक्ता: वर्षभरात ६४ जणी, तीन वयोगट, किती जणींचं बीपी वाढलेलं, किती जणींना डॉक्टरकडे पाठवलं. पंचाहत्तरीवरच्या तिघीच होत्या, त्यांना आत्यांनी सांगितलं तसं खालच्या गटात मिळवलं. खिडकीवरचे बाबूजी आधी म्हणाले, “फॉर्म तो पूरा भरना पड़ेगा, मैडम.” मी त्यांना गेल्या वर्षीची हकीकत सांगितली, नाव न घेता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मेरी मिसेस भी शुगर की हैं.” मग आत जाऊन साहेबांना विचारून आले. ठरलं ते असं: हजेरीची यादी नाव आणि सहीपुरती द्यायची, आजाराशिवाय, आणि मंडळाच्या तीन पदाधिकाऱ्यांचं मास्क केलेलं आधार. फोटो पाठीमागून काढलेले चालतील. नावांची यादी देण्यापूर्वी प्रत्येकीला विचारणार आहे. दोघींनी आधीच नको म्हटलंय, त्या फक्त आकड्यात राहतील. मंजुरी अजून आलेली नाही, पण शिक्का मिळाला.

आता वह्या दोन केल्या. शिबिराच्या वहीत फक्त क्रमांक आणि आकडे. कुठला क्रमांक कोणाचा हे दुसऱ्या लहान वहीत, ती नर्सताईंच्या घरी कुलपात. सभामंडपात मोबाईलनं वहीचा फोटो काढायचा नाही, हे खडूनं फळ्यावर लिहिलंय.

संध्याकाळी काकूंकडे गेले. जिना चढले. त्यांना नवी वही दाखवली आणि माफी मागितली, गेल्या वर्षी मागायला हवी होती. त्यांनी वही बराच वेळ चाळली, प्रत्येक पानाची मागची बाजूसुद्धा बघितली. म्हणाल्या, “देवळात नको. यंत्र घरी आणशील?” दुसऱ्या रविवारी शिबिर आटोपलं की जाणार आहे.

एकच राहिलं. जुन्या तीन वह्या, नावं-औषधांसकट, माझ्या कपाटात आहेत. त्यांचं काय करू?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

अनुदानाच्या आधीच्या वर्षांच्या आहेत, तेव्हा या हिशेबात त्या कुणी मागणार नाही. महिनावार एकूण आकडे उतरवून घ्या, समितीच्या बैठकीत ठराव लिहा, मग नष्ट करा. रद्दीत मात्र देऊ नका, पान उद्या कुणाच्या तरी पोह्यांखाली येईल. बादलीत रात्रभर भिजवा आणि सकाळी हातानं लगदा करा. शाई धुतली गेली का, ते बघून मगच टाका.