२६ जुलैची आठवण : आईची खरी की मावशीची?

ऐरोली_एफवाय :
मी एफवायबीएला आहे, सायकॉलॉजीत सध्या मेमरी चालू आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुराचा विषय निघाला की घरी आई आणि मावशीचं वाजतंच. माझा तर तेव्हा जन्मही नव्हता. आई म्हणते बाबा कुर्ल्यापासून रुळांवरून चालत रात्री अकराला कळव्याला घरी आले, चपला हातात, डब्याची पिशवी गळ्यात. मावशी तेव्हा आमच्याकडेच होती, ती म्हणते छे, सकाळी आले, टेम्पोने. दोघीही शपथेवर सांगतात. बाबा 'चाललो खूप' म्हणून गप्प होतात. नोट्समध्ये दिलंय की फ्लॅशबल्ब मेमरी, म्हणजे मोठ्या धक्कादायक प्रसंगाची आठवण, फोटोसारखी छापली जाते, मग दोन वेगळे फोटो कसे काय?

कोपरीचे_सर :
फोटोची कल्पना ब्राऊन आणि कुलिक या मानसशास्त्रज्ञांची, १९७७ ची. ती पुढे टिकली नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कोणाकडून कळली, आणि अडीचेक वर्षांनी तेच परत विचारलं तर बऱ्याच जणांची हकीकत बदललेली, पण खात्री मात्र पक्की, स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी काहींना पटेना. तेव्हा खोटं कोणीच बोलत नाहीये. सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस त्याच वेळी नोंदला गेला म्हणून त्यावर वाद नाही, बाबांची वेळ कुणी लिहून ठेवली?

घणसोली_ताई :
अगं, आईने बाबांना रुळांवर चालताना पाहिलं कुठे? पिशवी, चपला दारात दिसल्या असतील, बाकीचं नंतर ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलं, सगळं एकात एक मिसळतं. दोघींना वेगवेगळं बसवून विचार, 'तू स्वतः काय पाहिलंस?' 'रात्रीच आले ना?' असं अजिबात विचारू नकोस. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये गाड्यांच्या टकरीची एकच फिल्म दाखवून प्रश्नातलं क्रियापद फक्त जोरकस केलं तर लोकांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच.

वागळे_इस्टेट :
एक सांगू का, बाबांना खोदून विचारू नका. माझ्या सासऱ्यांना अजून मोठा पाऊस लागला की छातीत धडधडतं, सगळे घरी पोचेपर्यंत फोन करत बसतात. काउन्सेलरने त्या रात्रीचा तपशील काढला नाही, आत्ता पाऊस सुरू झाल्यावर मनात काय येतं आणि मग ते काय करतात तिथून सुरुवात केली, सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धत) म्हणतात ते हेच, बराच फरक पडलाय. तसं काही वाटलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात.

ऐरोली_एफवाय :
मावशीला एकटीला विचारलं. रात्री ती झोपली होती, सकाळी उठली तेव्हा बाबा चहा घेत होते, टेम्पोचं शेजारच्या काकूंनी सांगितलेलं! बाबांना आता नाही विचारत. सर, पेपरात नायसर-हार्श लिहिलं तर मार्क मिळतील ना?

कोपरीचे_सर :
लिहीच, साल १९९२ घाल, अभ्यास छापला गेला ते. पण आधी ब्राऊन-कुलिक, मग हे.