अपडेट आल्या दिवशीच लावावे, की आठवडाभर थांबावे?

प्रस्ताव (कारखान्यांचे संगणक सांभाळणारा, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी, सोलापूर)

टॉवेल आणि चादरींच्या काही कारखान्यांचे सर्व्हर माझ्याकडे आहेत. तेथे मी असा नियम करू पाहत आहे की कोणतेही अपडेट, मग ते विंडोजचे असो, अँटिव्हायरसचे असो वा एखाद्या लायब्ररीचे (म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे), बाहेर पडल्यानंतर सात दिवस उलटल्याशिवाय लावायचे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि त्यांतील कित्येकांपुढे माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सवरील एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातील चॉक, डीबग अशा सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅकेजेसच्या देखभालकर्त्याला बनावट ईमेलने फसवून त्यांत क्रिप्टो चोरणारा कोड घुसवण्यात आला. तिन्ही वेळा घाई करणारा अडकला. निर्यातीचा कंटेनर भरायच्या दिवशी बिलिंगचा सर्व्हर बसला, तर मालकापुढे सुरक्षेचे व्याख्यान देऊन भागत नाही. विरुद्ध मत असल्यास अवश्य मांडावे.

प्रतिसाद (रुग्णालयांचे नेटवर्क पाहणारा, सात रस्ता)

मी पूर्णपणे असहमत आहे, कारण आपल्या तीनपैकी दोन उदाहरणे आपल्याच विरुद्ध साक्ष देतात. क्राउडस्ट्राइकची ती फाइल म्हणजे धोके ओळखण्यासाठी कंपनीकडून परस्पर उतरणारी माहिती होती. ज्या ग्राहकांनी सॉफ्टवेअरची आवृत्ती मुद्दाम एक पायरी मागे ठेवली होती त्यांच्याकडेही ती पोहोचली, कारण ती रोखून धरण्याची सोय तेव्हा त्यांच्या हाती नव्हतीच. एक्सझेडची ५.६.० ही आवृत्ती फेब्रुवारीअखेरीस आली. दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याच्या मागे लागलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्चला प्रकार जाहीर केला. आपला नियम पाळणाऱ्याने आठव्या दिवशी तो चोरदरवाजा निर्धास्तपणे बसवला असता.

आता उलट बाजू पाहा. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या छिद्रातून शिरकाव केला त्यावरचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. हल्ला झाला १२ मे रोजी, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पॅच प्रसिद्ध झाला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल ताडून छिद्र नेमके कोठे होते ते शोधतात, त्यामुळे पॅच न लावलेला संगणक त्या दिवसापासून आधीपेक्षा अधिक उघडा पडतो. सात दिवसांचे दोन महिने कसे होतात, हे या धंद्यात कोणाला सांगायला नको.

प्रतिसाद (साखर कारखान्याचा संगणक विभाग)

मला सात दिवसही कमी वाटतात. प्रिंटनाइटमेअर या छपाईच्या यंत्रणेतील छिद्रावरचा उपाय म्हणून ऑगस्ट २०२१ पासून विंडोजने नेटवर्कवरील सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार सक्तीचे केले. बदल योग्यच होता. पुढे आमचा गळीत हंगाम सुरू झाला, रात्रपाळीत वजनकाट्यावरचा प्रिंटर बिघडला, कारकुनाने नेटवर्कवरचा दुसरा जोडला, तर संगणक पासवर्ड मागू लागला आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस घरी झोपलेला. पावती हाती पडल्याशिवाय गाडी काट्यावरून हलत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली, आणि उभ्या ट्रॉलीतला ऊस वाळून वजन घटते ते शेतकऱ्याचे, सॉफ्टवेअर कंपनीचे नव्हे. तेव्हापासून हंगामात काट्याच्या संगणकाला हात लावायचा नाही, असा आमचा शिरस्ता आहे. तो संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही.

प्रतिसाद (सात रस्ता)

मग काट्याचे आकडे शेती विभागाकडे जातात कसे? पेनड्राइव्हने जात असतील, तर त्या संगणकाला तोडलेला म्हणणे ही स्वतःची समजूत काढणे आहे.

प्रतिसाद (साखर कारखाना)

एकाच सर्व्हरकडे, एकाच पोर्टवरून जातात. बाकी सर्व फायरवॉलवर बंद आहे आणि यूएसबीही बंद आहे. त्या सर्व्हरला पॅच वेळेवर लागतात. हंगाम संपल्यावर काट्याचाही नंबर लागतो.

प्रतिसाद (पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करणारी डेव्हलपर, जुळे सोलापूर)

विंडोजचा पॅच आणि एनपीएमचे पॅकेज यांना आपण एकाच मापाने मोजत आहात, हे मला पटत नाही. चॉक-डीबगच्या दूषित आवृत्त्या काही तासांतच काढून टाकल्या गेल्या, त्यामुळे तेथे दोन-तीन दिवस थांबणे खरोखर कामास येते, आणि साधनेही आता तेच सुचवतात. एनपीएमची पॅकेजेस उतरवणाऱ्या पीएनपीएम या साधनाने १०.१६ आवृत्तीपासून मिनिमम-रिलीज-एज (आवृत्ती किमान किती जुनी हवी) ही सेटिंग दिली आहे. तिच्यातला आकडा मिनिटांत असतो, त्यामुळे सात दिवसांसाठी ७ नव्हे, १००८० लिहावे लागते. सगळेच थांबले तर दोष पकडणार कोण, अशी शंका नेहमी येते. पण असे कोड बहुधा नव्या आवृत्त्या तपासत बसलेल्या सुरक्षा कंपन्यांना सापडतात, ती पॅकेजेस घेऊन सॉफ्टवेअर बांधणाऱ्या माझ्यासारखीला नव्हे.

मात्र हाच नियम आंधळेपणाने लावला, तर ३ डिसेंबर २०२५ ला काय झाले असते? त्या दिवशी रिअ‍ॅक्ट सर्व्हर कंपोनंट्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनातील, तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुणांचे छिद्र जाहीर झाले, आणि हल्ल्यांचे प्रयत्न काही तासांतच सुरू झाले. सात दिवस थांबणाऱ्याचा सर्व्हर तोवर परक्याचा झालेला असता. लायब्ररींची अपडेट सुचवणाऱ्या डिपेंडाबॉट या साधनाने थांबण्याची मुदत फक्त नेहमीच्या आवृत्त्यांना लागू ठेवली आहे. सुरक्षेच्या अपडेटना ती लागत नाही. आपल्या नियमात हा भेदच नाही.

प्रस्तावक

एक्सझेडच्या तारखांपुढे माझा मुद्दा टिकत नाही. लायब्ररींसाठी सात दिवस ठेवतो आणि सुरक्षेची दुरुस्ती त्यातून वगळतो. विंडोजबाबत मात्र मी अजून अडून आहे. कोणता पॅच तातडीचा आणि कोणता नाही, हे रोज वाचून ठरवायला मोठ्या कंपनीत माणसे असतात. माझ्याकडे मीच आहे, आणि मी त्या वेळी कोठेतरी बारकोडचा प्रिंटर सुरू करत असतो. सरसकट नियमाचा फायदा असा की तो पाळायला वाचावे लागत नाही.

प्रतिसाद (सात रस्ता)

मग सरसकट नियमच करा, पण उलट्या दिशेने. मायक्रोसॉफ्टचे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचे पॅच आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला येतात. बुधवारी सकाळी ते प्रत्येक कारखान्यातल्या एका बिनमहत्त्वाच्या संगणकावर लावा, त्यावरून एक बिल आणि एक बारकोड छापून पाहा, आणि बिघाड दिसला नाही तर गुरुवारी रात्री बॅकअप घेऊन सर्व्हरवर लावा. यातही काही वाचावे लागत नाही.

प्रस्तावक

गुरुवारी रात्री दोन कारखान्यांत माल भरणे चालू असते, शुक्रवार चालेल. बिनमहत्त्वाचा संगणक कोणता, हे मात्र मालकांकडून लिहून घ्यावे लागेल, कारण विचारले की प्रत्येक जण आपलाच महत्त्वाचा म्हणतो.