नॅसवरून टीव्हीवर पिक्चर ‘स्ट्रीम’ करण्याला मराठीत काय म्हणता?

अनुस्वार
आई-बाबांसाठी एक पानभर सूचना मराठीत लिहितेय. राउटरशेजारी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला फायलींचा डबा, ठेवलाय. त्यावर घरातली लग्नं-मुंजी, नाटकांची रेकॉर्डिंग, जुने पिक्चर असं सगळं आहे, आणि हॉलमधल्या टीव्हीवर ते जेलिफिन या नॅसवरचे पिक्चर दाखवणाऱ्या ॲपमधून दिसतं. ‘नॅसवरून टीव्हीवर स्ट्रीम करा’ इतकं लिहिलं आणि अडले. ‘प्रवाहित करा’ म्हटलं तर बाबा विचारतील, कुठल्या नदीत? ‘प्रक्षेपित करा’ चालेल का? पुढे कास्ट, बफर, ट्रान्सकोड हेही आहेतच. तुम्ही काय वापरता?

जुनाट कोश
प्रक्षेपण नको. थेट प्रक्षेपण म्हणजे एका ठिकाणाहून, एकाच वेळी, सगळ्यांसाठी. घेणारे किती आणि कोण, याच्याशी पाठवणाऱ्याला कर्तव्य नसतं. इंग्रजीतला ब्रॉडकास्ट हा शब्दही मूळचा शेतातला, मुठीने बी विखरून टाकण्याचा. आपल्याकडे त्याला फोकून पेरणं म्हणतात. नॅस काही फोकत नाही, कोणी मागितलं तरच देतो. ‘प्रवाहन’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, परिपत्रकात शोभेलही. घरात कोणी उच्चारेल असं वाटत नाही.

दुपारचा चहा
शब्द शोधायचाच कशाला? रेडिओ लावला, कॅसेट लावली, सीडी लावली, यूट्यूब लावलं. साधनं गेली-आली, क्रियापद जागचं हललं नाही. ‘नॅसवरून नाटक लावा.’ झालं काम.

वायरींचा गुंता
सूचनेसाठी ‘लावा’ उत्तमच. घोटाळा होतो तो बिघडल्यावर. घरून फोन येतो, ‘लागत नाहीये’. म्हणजे नेमकं काय? यादीच दिसत नाही, की यादी दिसते पण पिक्चर सुरू होत नाही, की सुरू होऊन अडकतो? तिन्हीची कारणं वेगळी. यादी दिसत नसेल तर नॅस बंद आहे किंवा टीव्ही दुसऱ्याच वाय-फायवर आहे. यादी दिसून पिक्चर लागत नसेल तर बहुधा फाइलचा प्रकार टीव्हीला झेपत नाही. अडकत असेल तर वेगाचा प्रश्न. म्हणून ‘दिसत नाही’, ‘लागत नाही’, ‘अडकतंय’ ही तीन क्रियापदं सूचनेत वेगवेगळी ठेवा आणि फोनवरही तशीच वापरायला सांगा.

दुसरं म्हणजे, नॅस टीव्हीला काही ‘पाठवतो’ हे म्हणणंही तितकंसं खरं नाही. टीव्ही ओढतो. फाइलचा अमुक इथपासून तमुक इथपर्यंतचा तुकडा दे, असं टीव्ही मागत राहतो आणि नॅस देत राहतो. रिमोटने दहा मिनिटं पुढे गेलात की मागणी थेट तिथल्या तुकड्याची सुरू होते. कास्टिंगमध्येही हेच. फोनवर बटण दाबलं की पिक्चर फोनमधून टीव्हीत गेला असं वाटतं, पण फोन बहुतेक वेळा नुसता पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः नॅसकडून ओढून घेतो. मिररिंग मात्र खरंच फोनमधून जातं, त्यात फोनचा पडदा जसाच्या तसा पाठवला जातो आणि बॅटरी खाल्ली जाते.

जुनाट कोश
म्हणजे ‘कास्ट’साठी मी ‘क्षेपण’ सुचवणार होतो, ते बाद. नाहीतरी क्षेपणास्त्राचीच आठवण झाली असती.

अनुस्वार
ओढणं मला आवडलं. बाबा एरवीही म्हणतात, ‘आज नेट ओढत नाहीये.’ पण मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डीएलएनए असं काहीतरी दिसतं, तिथे ‘रेंडरर’ नावाचा प्राणी कोण?

वायरींचा गुंता
डीएलएनए ही वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरात एकमेकांशी बोलावीत म्हणून २००३ साली सुरू झालेली संघटना. २०१७ मध्ये ती गुंडाळली गेली, पण तिची पद्धत अजून कित्येक टीव्हींत आहे. त्यांच्या परिभाषेत देणारा तो सर्व्हर, स्वतः यादी चाळून वाजवणारा तो प्लेअर, सांगितलेलं मुकाट दाखवणारा तो रेंडरर आणि सांगणारा, म्हणजे सहसा फोन, तो कंट्रोलर. आई-बाबांच्या कागदावर यातलं काहीही नको. ॲप आहे ना, मग त्या वाटेला जाऊच नका.

दुपारचा चहा
बफरिंगचं बोला आता. ‘चकरी फिरतेय’ यापेक्षा चांगला शब्द कोणी काढला तर चहा माझ्याकडून.

जुनाट कोश
चहा ठेवा, कारण चकरीच बरोबर आहे! बफर म्हणजे खरं तर पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवलेला साठा. तो भरलेला असतो तोवर कोणी नावही काढत नाही. तो संपला, पडदा थांबला, की आपण म्हणतो ‘बफरिंग होतंय’. तेव्हा टीव्ही तो पुन्हा भरत असतो हे खरं, पण बोलण्यात ‘बफरिंग’चा अर्थ ‘अडलंय’ एवढाच उरला आहे. त्यामुळे साठ्याला ‘आगाऊ साठा’ म्हणा आणि थांबण्याला ‘अडकणं’.

वायरींचा गुंता
अडकण्यावरून एक सांगतो. लोक वाय-फायला कंटाळून टीव्हीला लॅनची वायर जोडतात आणि तरी जड फोर-के फाइल अडकते. कारण बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचंच असतं. फोर-के ब्लू-रेचा वेग मधूनच १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो. सरासरी कमी असते, पण मारामारीच्या प्रसंगाला नेमकी चकरी फिरते. अशा वेळी चांगलं ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वायरीपेक्षा सरस ठरतं, हे कोणाला पटत नाही.

आता ट्रान्सकोड. शब्द खरा इथे हवाय. एमकेव्ही, एमपी-फोर हे नुसते डबे. आत भाजी वेगळी असते, म्हणजे चित्र ज्या पद्धतीने दाबून साठवलंय ती, एच.२६४ किंवा एचईव्हीसी. डबा आणि भाजी दोन्ही टीव्हीला चालले तर नॅस फाइल आहे तशी देतो. भाजी चालते पण डबा नको असेल तर नॅस डबा बदलतो. याला जेलिफिन रीमक्स म्हणतं, प्लेक्स हे तसंच दुसरं ॲप डायरेक्ट स्ट्रीम म्हणतं, आणि त्याला नॅसचे फारसे कष्ट पडत नाहीत. भाजीच चालत नसेल तर ती नव्याने करावी लागते. हे ट्रान्सकोडिंग. साध्या प्रोसेसरचा नॅस इथे धापा टाकतो. काही टीव्ही डीटीएस प्रकारात साठवलेला आवाज वाजवत नाहीत, तेव्हा फक्त आवाज बदलावा लागतो, तो हलका मामला.

जुनाट कोश
पुनःसंकेतन. कोडिंगला संकेतन म्हणतातच.

दुपारचा चहा
‘नॅस पुनःसंकेतन करत असल्याने तापला आहे.’ अहो, आईसाहेब अग्निशामक दलाला फोन लावतील.

जुनाट कोश
हसा. पण लेखात, तपशिलात लिहायला काहीतरी लागेलच. बोलताना ‘फाइल बदलून देतोय’ म्हणा, माझी हरकत नाही. ‘रूपांतर’ मात्र टाळा, कारण डबा बदलणं हेही रूपांतरच आणि मग दोन्हींतला फरक गेला.

अनुस्वार
कागदावर ‘आहे तशी’, ‘डबा बदलून’ आणि ‘नव्याने करून’ असं लिहिते. कधी लागलंच तर फोनवर मला तेवढं सांगतील. शेवटचा प्रश्न. काही नाटकांसाठी मी मराठी सबटायटल्स तयार केलीत, कारण बाबांना ऐकू कमी येतं. त्यांना ‘उपशीर्षकं’ म्हणावं का? आणि टीव्हीवर अक्षरांऐवजी चौकोन येतात ते वेगळंच.

दुपारचा चहा
‘खालची अक्षरं’. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात.

वायरींचा गुंता
आधी सबटायटल्सची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या, देवनागरी नीट साठवणाऱ्या पद्धतीत सेव्ह केलीय का ते बघा. तसं नसेल तर चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात. तिथे ठीक असेल तर त्या ॲपकडे देवनागरीचा फॉन्ट नाही, किंवा फॉन्ट आहे पण जोडाक्षरं जुळत नाहीत, ‘क्ष’चा क् आणि ष सुटा दिसतो. मग अक्षरं चित्रातच छापून द्यायला नॅसला सांगा, जेलिफिनच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. अर्थात प्रत्येक चित्रावर अक्षरं काढायची म्हणजे भाजी नव्याने करणं आलंच, आणि फॉन्ट आता टीव्हीत नाही, नॅसवर लागेल. ‘छापील अक्षरं’ आणि ‘सुटी अक्षरं’ असे दोन शब्द मी वापरतो. सुटी बंद करता येतात, छापील नाही.