प्रतिसाद: परिषदा भरवण्यापलीकडे या संस्था काय करतात?

वर कोणीतरी विचारलंय की आययूबीएमबीसारख्या आंतरराष्ट्रीय जीवरसायन संघटनेचा दापोली-रत्नागिरीच्या प्रयोगशाळांना उपयोग काय. परिषदांबद्दलचा तुमचा वैताग मान्य, पण तिचं खरं काम परिषदेच्या मांडवाबाहेरचं आहे.

पिकताना हापूस मऊ होतो, त्यात सालीखालच्या गराला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन तोडणाऱ्या पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. हेच एन्झाइम पूर्वी कोणी पेक्टिनेज म्हणे, कोणी पेक्टिन डीपॉलिमरेज. आज या संघटनेच्या एन्झाइम-यादीतला ईसी (एन्झाइम कमिशन) क्रमांक ३.२.१.१५ लिहिला की दापोलीतल्या आणि जपानमधल्या संशोधकाला एकच अभिक्रिया कळते. पहिला ३ म्हणजे पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारा वर्ग. क्रमांकांची ही पद्धत एन्झाइम कमिशनच्या १९६१च्या अहवालातून आली. संघटना १९५५ची. सुरुवातीला सहा वर्ग होते. रेणू किंवा आयन पटलापार नेणाऱ्या एन्झाइमांसाठी सातवा वर्ग २०१८ साली जोडला. म्हणजे यादी अजून चालू आहे, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. आमच्याकडे नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही, तिथे हे थोडकं नाही!

तरुण संशोधकांसाठी वूड-व्हेलन शिष्यवृत्तीही आहे: दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत एक ते चार महिने काम, प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो. पण कोकमातल्या किंवा काजूबोंडातल्या रसायनांवर वर्षानुवर्षं चालणारा प्रकल्प त्यावर उभा राहणार नाही. त्याचा पैसा डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) किंवा विद्यापीठाकडेच मागावा लागेल.